दवाखान्यात ‘आधी पैसे भरा’ म्हणाले तर? रुग्णाचे हक्क, कोणता कायदा कुठे लागतो आणि तक्रार कुणाकडे करायची, सविस्तर माहिती

रात्रीची वेळ. दुचाकीवरून पडलेल्या माणसाला गावकरी जीपमध्ये घालून तालुक्याच्या खासगी दवाखान्यात नेतात. काउंटरवर विचारणा होते, ‘आधी किती भरताय?’ सोबतचा एक जण मोबाइल पुढे करतो. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज असतो, ‘नवीन कायदा आला, पाच लाखांपर्यंत सगळे उपचार फुकट.’ काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘ते आमच्याकडे लागू नाही.’ मग वादावादी सुरू होते आणि रुग्ण मात्र स्ट्रेचरवर तसाच पडून राहतो.

अशा वेळी बऱ्याचदा दोघंही अर्धे बरोबर असतात आणि दोघंही अर्धे चूक असतात. पाच लाखांची योजना खरी आहे, पण ती प्रत्येक दवाखान्याला लागू होत नाही. दवाखाना त्या योजनेत नसेल तरी जखमी माणसाला तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हेही तितकंच खरं. पहिली गोष्ट योजनेतली आहे, दुसरी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातली आणि कायद्यातली. नातेवाइकांनी चुकीचा कागद पुढे केला, म्हणून हातातला खरा हक्क सुटला.

आरोग्याचे कायदे किचकट वाटतात ते याचमुळे. सगळं एका पुस्तकात नाही. कोणता हक्क कोणत्या कागदातून येतो आणि तो कोणत्या दवाखान्याला बांधतो, एवढं कळलं की निम्मं काम होतं.

थोडक्यात महत्त्वाचे

- जीव धोक्यात असेल तर सरकारी असो की खासगी, कोणत्याही दवाखान्याने आधी तातडीचे उपचार द्यायचे.
- रुग्ण भरती करून घेणाऱ्या प्रत्येक खासगी दवाखान्याला नोंदणी हवी. नोंदणी प्रमाणपत्र, दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली हवी.
- बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही.
- धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात.
- पाच लाखांची योजना फक्त यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या आजारांसाठी चालते.

एकच कायदा का नाही?

राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे संपूर्ण देशासाठी केंद्राला थेट एक कायदा लादता येत नाही. संसदेने २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला. दवाखान्यांची नोंदणी, किमान सोयी आणि दर दाखवणं हा त्याचा गाभा. मात्र तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांवर सोडलं. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, झारखंड अशा राज्यांनी तो घेतला. महाराष्ट्राने घेतला नाही. आपल्याकडे १९४९ चा जुना शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालू आहे.

राजस्थानने २०२३ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. ‘आरोग्याचा हक्क’ या नावाने कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यावर तिथल्या खासगी डॉक्टरांनी मोठा संप केला. तातडीच्या उपचारांचे पैसे कोण देणार, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. महाराष्ट्रात असा एकत्रित कायदा नाही. म्हणून इथल्या माणसाला वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जोडून आपला हक्क शोधावा लागतो.

चार प्रकारचे कागद, चार प्रकारची ताकद

‘सरकारचा नियम आला’ असं लोक सरसकट म्हणतात. पण त्यामागे चार वेगळ्या गोष्टी असतात.

कायदा: विधिमंडळ किंवा संसद मंजूर करते. तो मोडला तर शिक्षा किंवा दंड होऊ शकतो.

नियम: कायदा राबवायचा कसा, याचा तपशील. शासन राजपत्रात प्रसिद्ध करतं. कायद्याइतकाच बंधनकारक.

न्यायालयाचा निकाल: सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशभर लागू होतो, उच्च न्यायालयाचा त्या राज्यात.

योजना: ही शासन निर्णयाने, म्हणजे जीआरने सुरू होते. जे रुग्णालय करार करून योजनेत येतं तेवढ्यालाच ती बांधते. जीआर बदलला की योजनेच्या अटी बदलतात.

म्हणून मोबाइलवर मेसेज आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: हा कायदा आहे की योजना? योजना असेल तर आपण ज्या दवाखान्यात उभे आहोत तो यादीत आहे का?

खासगी दवाखाना: भिंतीवर काय दिसायला हवं?

ज्या ठिकाणी रुग्ण भरती करून घेतले जातात, मग ते चार खाटांचं प्रसूतिगृह का असेना, ते महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतं. फक्त तपासून औषध देणारा, भरती न करणारा दवाखाना या कायद्यात येत नाही.

कोरोनाच्या काळात खासगी रुग्णालयांच्या बिलांवरून राज्यभर ओरड झाली. मे २०२० मध्ये शासनाला खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून द्यावे लागले. ती व्यवस्था साथीपुरती होती. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा केली. सामान्य माणसाच्या कामाच्या गोष्टी त्यातच आहेत:

- नोंदणी प्रमाणपत्र सहज दिसेल अशा जागी लावलेलं हवं. त्यावरची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहावं.
- दरपत्रक लावलेलं हवं. खाटेचं दिवसाचं भाडं, अतिदक्षता विभाग, डॉक्टरांची तपासणी फी अशा प्रमुख सेवांचे दर त्यात असतात.
- रुग्ण हक्कांची सनद लावलेली हवी.
- तक्रार निवारणाची व्यवस्था आणि तिचा संपर्क क्रमांक लोकांना माहीत होईल असा हवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दरपत्रक लावणं बंधनकारक आहे, पण दर किती असावा हे हा नियम ठरवत नाही. शेजारच्या दवाखान्यात सिझेरियन स्वस्त आणि इथे महाग, एवढ्यावरून कारवाई होणार नाही. फलकावर एक दर आणि बिलात दुसरा, असं असेल तर मात्र तक्रारीला पाया मिळतो. म्हणून भरती करतानाच दरपत्रकाचा फोटो काढून ठेवावा. पुढे भांडण्यापेक्षा तो फोटो जास्त कामाला येतो.

दरपत्रक लावलेलं नसेल तर शांतपणे मागावं. तरीही दाखवलं नाही तर तेवढ्यावरही तक्रार होते.

जीव धोक्यात असेल तर

१९८९ चा सर्वोच्च न्यायालयाचा परमानंद कटारा निकाल प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवलं. जवळच्या रुग्णालयाने ‘ही पोलीस केस आहे’ म्हणून घेतलं नाही आणि सुमारे २० किलोमीटर दूर दुसऱ्या रुग्णालयात जायला सांगितलं. वाटेतच तो गेला. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य जीव वाचवणं आहे. पोलिसांचे कागद नंतर.

१९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराचं प्रकरण न्यायालयापुढे आलं. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेला हा माणूस एकामागून एक सरकारी रुग्णालयं फिरला. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी पैसे भरून खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालय म्हणालं आणि २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली.

याशिवाय काही प्रसंगांत कायद्याचा थेट आधार आहे:

रस्ता अपघात: मोटार वाहन कायद्यानुसार डॉक्टरने कागदी सोपस्कारांची वाट न पाहता जखमीवर उपचार सुरू करायचे असतात. मे २०२५ पासून केंद्राची रोकडरहित उपचार योजनाही आहे. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात येतात. पूर्ण उपचार नेमलेल्या रुग्णालयांत होतात. इतर रुग्णालयांनी रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे असतात. अपघात होताच ११२ वर कळवावं. जवळचं रुग्णालय तिथून विचारता येतं.

मदत करणारा: जखमीला दवाखान्यात आणून सोडणाऱ्या माणसाला त्याच कायद्याने संरक्षण दिलं आहे. त्याच्यावर गुन्हा दाखल होत नाही. ‘नको ती झंझट’ म्हणून रस्त्यावरच्या माणसाला सोडून जायचं कारण नाही.

बलात्कार किंवा ॲसिड हल्ला: पीडितेवर तात्काळ आणि मोफत उपचार करणं सर्व रुग्णालयांवर, खासगीसुद्धा, बंधनकारक आहे. नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नव्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे.

मात्र ‘तातडीचे उपचार’ म्हणजे ‘पुढचे सगळे उपचार फुकट’ नव्हे. ॲसिड हल्ल्यासारखे प्रसंग वगळता खासगी दवाखाना झालेल्या उपचारांचं बिल मागू शकतो. पैसे हातात पडेपर्यंत रुग्णाला हात न लावणं, हे चालत नाही.

बिल बाकी म्हणून अडवून ठेवलं तर

गावाकडे हा प्रसंग सगळ्यात जास्त मान खाली घालायला लावणारा असतो. घरात माणूस गेलेला, बाहेर नातलग जमलेले, आणि ‘इतके भरा, मग बॉडी मिळेल’ असं ऐकायला मिळतं. कुणी दागिने गहाण टाकतं, कुणी व्याजाने उचलतं.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत हा मुद्दा स्वतंत्र हक्क म्हणून लिहिला आहे. बिलाच्या वादावरून रुग्णाचा डिस्चार्ज किंवा मृतदेह रोखता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही बिलासाठी रुग्णाला अडवून ठेवणं बेकायदा असल्याचं म्हटलं आहे. कारण सरळ आहे. माणूस तारण म्हणून ठेवता येत नाही.

याचा अर्थ बिल माफ झालं असा नाही. दवाखाना कायदेशीर मार्गाने वसुली करू शकतो, दिवाणी दावा लावू शकतो. नातेवाइकांनी ‘बाकी रक्कम मान्य आहे’ किंवा ‘बिलावर हरकत आहे’ असं जे खरं असेल ते लिहून द्यावं आणि त्याची प्रत ठेवावी. तरीही अडवलं तर ११२ वर फोन करून पोलिसांना बोलवावं.

धर्मादाय रुग्णालय: लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेला हक्क

शहरातली अनेक मोठी, चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय न्यासाची असतात. करात आणि इतर बाबतींत त्यांना शासनाच्या सवलती मिळतात. त्या बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक त्यांना बांधतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची योजना ठरवून दिली. ती अशी:

- निर्धन रुग्ण: १० टक्के खाटा राखीव. उपचार मोफत. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार रुपये.
- दुर्बल घटक: आणखी १० टक्के खाटा. सवलतीत उपचार. उत्पन्न मर्यादा ३ लाख ६० हजार रुपये.
- रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची. गरिबांचा औषध, इम्प्लांट यांचा खर्च त्यातून होतो.
- दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं आणि साहित्याच्या खर्चाचा किमान निम्मा वाटा स्वतः उचलावा लागतो.
- तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, अनामत मागायची नाही.

कागद कोणते लागतात? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार. अडचण इथेच येते. रुग्ण पुण्या-मुंबईत दाखल आणि दाखला काढायला माणूस तहसीलला. म्हणून घरात मोठं आजारपण असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

रुग्णालयात गेल्यावर थेट बिलिंग काउंटरवर न जाता वैद्यकीय समाजसेवकाला भेटावं. धर्मादाय खाटांचं काम तिथून चालतं. ‘खाट शिल्लक नाही’ असं सांगितलं तर ते लेखी मागावं आणि जिल्ह्याच्या धर्मादाय सह आयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करावी. रुग्णालय धर्मादाय आहे की नाही, हेही तिथेच कळतं.

पाच लाखांची योजना: कुठे चालते, कुठे नाही?

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०२० पासून तिच्याशी जोडून राबवली जाते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दोन मोठे बदल केले. विमा संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झालं आणि योजना पिवळ्या-केशरी कार्डांपुरती न राहता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली. पांढरं रेशन कार्डवालेही आता पात्र आहेत. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून सुरू झाला.

नातेवाइकांनी या गोष्टी लक्षात घ्याव्यात:

- पाच लाख हे संपूर्ण कुटुंबाला मिळून, वर्षाला. माणशी नाही.
- उपचार यादीतले हवेत. साधा ताप, सर्दी, बाहेरून घेतलेली औषधं यात येत नाहीत. यादी वेळोवेळी बदलते.
- रुग्णालय यादीतलं हवं. तिथे ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. आधी त्याला गाठायचं.
- यादीतल्या उपचारासाठी रुग्णालयाने रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. ‘योजनेतून इतके, वरचे तुम्ही द्या’ असं म्हटलं तर तक्रार करावी.
- तातडीच्या वेळी फोनवरून तात्पुरती मंजुरी घेण्याची सोय आहे. कागद नंतर देता येतात.
- सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वेगळं कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं कार्ड काढून ठेवावं.

आधी पैसे भरून उपचार घेतले आणि नंतर ‘योजनेत बसवा’ म्हटलं तर सहसा काही हाती लागत नाही. म्हणून आरोग्यमित्राकडे नोंद सुरुवातीलाच करावी.

सरकारी दवाखान्यात पैसे लागतात का?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सगळी त्यात येतात. सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या विभागाची असल्याने तिथे हा निर्णय लागू नाही. हा शासनाचा निर्णय आहे, कायदा नाही, तरी सरकारी रुग्णालयांवर तो बंधनकारक आहे. तिथे कुणी पैसे मागितले तर पावती मागावी. पावती मिळत नसेल तर ते पैसे नियमातले नाहीत, हे ओळखावं.

फाइल, रिपोर्ट, दुसरा सल्ला

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार भरती रुग्णाची कागदपत्रं ३ वर्षं जपून ठेवायची असतात. रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. तोंडी मागू नये. साध्या कागदावर अर्ज करून पोच घ्यावी.

रुग्ण हक्क सनदेतले आणखी काही हक्क:

- आजार काय आहे, उपचार काय, खर्च अंदाजे किती, हे कळेल अशा भाषेत समजून घेण्याचा हक्क.
- ऑपरेशनआधी माहिती घेऊन मगच संमती देण्याचा हक्क. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नये.
- दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्याचा हक्क.
- औषधं आणि तपासण्या कुठून करायच्या हे ठरवण्याचा हक्क. ‘आमच्याच मेडिकलमधून घ्या’ अशी सक्ती करता येत नाही.
- स्त्री रुग्णाला पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत दुसरी स्त्री असण्याचा हक्क.

तक्रार कुणाकडे?

तक्रार वाया जाते ती बहुतेक वेळा चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे. विषयानुसार टेबल वेगळं आहे:

- नोंदणी, दरपत्रक, सनद, खासगी दवाखान्याची वागणूक: जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक. महापालिका हद्दीत महापालिकेचे आरोग्य अधिकारी. सुरुवात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपासून करता येते.
- पाच लाखांची योजना: १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. आयुष्मानसाठी १४५५५.
- धर्मादाय खाटा: धर्मादाय आयुक्तांचं जिल्ह्यातलं कार्यालय.
- डॉक्टरचं गैरवर्तन, कागद न देणं: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई.
- जादा बिल, हलगर्जीपणा, नुकसानभरपाई: जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो. मार्गदर्शनासाठी १९१५.
- डिग्री नसलेला बोगस डॉक्टर: तालुका आरोग्य अधिकारी किंवा पोलीस ठाणे.

डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून दिलं आहे. मात्र रुग्ण दगावला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं नसतं. उपचारात नेमकी काय चूक झाली हे तक्रारदाराला दाखवावं लागतं. त्यासाठीच फाइल आधी मिळवायची.

अर्ज असा लिहावा

लांबलचक लिहायची गरज नाही. पुढचा नमुना वापरता येईल:

*‘प्रति, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी. विषय: दरपत्रक न लावणे व जादा बिलाबाबत. महोदय, माझे वडील दि. ___ ते ___ या काळात ___ रुग्णालयात दाखल होते. रुग्णालयात दरपत्रक लावलेले नव्हते. मागणी करूनही दाखवले नाही. बिलाची व पावत्यांची प्रत सोबत जोडली आहे. शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार चौकशी करून केलेली कारवाई लेखी कळवावी, ही विनंती.’*

खाली नाव, पत्ता, सही, तारीख. दोन प्रती न्याव्यात. एका प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून विचारावं: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली? त्याचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

राग आवरणंही गरजेचं

माणूस गेल्यावर संताप होतो. पण डॉक्टर, नर्स यांना मारहाण किंवा तोडफोड झाली तर २०१० चा राज्याचा कायदा लागतो. गुन्हा अजामीनपात्र आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. ज्याच्यावर अन्याय झाला तोच आरोपी होऊन बसतो आणि मूळ तक्रार मागे पडते. तालुक्यात रात्री-अपरात्री उठून येणारे, पैशांची वाट न बघणारे डॉक्टरही आहेत. कायद्याची भाषा त्यांच्याशी भांडण्यासाठी नाही. नियम न पाळणाऱ्याला जाब विचारण्यासाठी आहे.

नेहमीचे प्रश्न

आधार कार्ड सोबत नाही, तर उपचार थांबतील का? तातडीचे नाहीत. योजनेच्या मंजुरीसाठी कागद नंतर लागतील.

डिपॉझिट मागणं बेकायदा आहे का? ठरवून केलेल्या उपचारांसाठी खासगी दवाखाना आगाऊ रक्कम मागू शकतो. जीव धोक्यात असताना त्यासाठी उपचार अडवता येत नाहीत.

योजनेतलं रुग्णालय ‘खाट नाही’ म्हणालं तर? तिथूनच टोल फ्री क्रमांकावर फोन लावावा, तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. जवळचं दुसरं यादीतलं रुग्णालयही त्याच फोनवर विचारावं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

आजच करून ठेवण्यासारखं

रात्री दोन वाजता कायदा वाचत बसायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून तयारी आधीच हवी. घरातल्या सगळ्यांचं आयुष्मान कार्ड काढावं. रेशन कार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला यांचे फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवावेत. १०८, ११२ आणि १५५३८८ हे तीन क्रमांक सेव्ह करावेत. आपल्या तालुक्याच्या जवळचं योजनेतलं रुग्णालय कोणतं, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून ठेवावं.

ग्रामसभेत किंवा गाव आरोग्य समितीच्या बैठकीत हा विषय घेता येतो. योजनेतल्या आणि धर्मादाय रुग्णालयांची नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, तर पुढच्या वेळी जीप कुठे वळवायची हे ड्रायव्हरलाही आधीच माहीत असेल.